आजोबांनी पाणी मोजलं, ताक मोजलं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी कोल्हापुरात बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाव भुदरगड तालुक्यातलं, दहावीपर्यंत मराठी शाळा, आई आशा सेविका. गेल्या वर्षी वॉर्डमध्ये माझ्या हातून जे झालं ते सांगण्यासाठी आणि त्यावरून एक मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला ‘ॲडल्ट हेल्थ नर्सिंग’ असतं. वरच्या सिस्टर अजून त्याला जुन्या नावानं मेडिकल-सर्जिकलच म्हणतात. तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात प्रत्येकी 140 तास वर्गात, 40 तास लॅबमध्ये आणि 480 तास प्रत्यक्ष वॉर्डमध्ये. खरं शिक्षण या 480 तासांत होतं. मेडिकल वॉर्डमध्ये मला सत्तरीचे एक आजोबा केस स्टडीसाठी मिळाले. हृदयाचं पंपिंग कमी झालेलं, पायावर सूज, उताणं झोपलं की दम लागायचा. आठ दिवसांत सूज उतरली. घरी जाताना फाइलमध्ये इंग्रजीत लिहिलं होतं की फ्लुइड दिवसाला दीड लिटर आणि मीठ कमी. ते समजावून सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी म्हटलं, “आजोबा, पाणी दिवसाला दीड लिटरच प्यायचं आणि मीठ कमी खायचं.” त्यांनी मान हलवली. मी फाइलवर ‘हेल्थ एज्युकेशन गिव्हन’ असं लिहिलं आणि सही केली.

बाराव्या दिवशी आजोबा पुन्हा त्याच वॉर्डमध्ये आले. पाय पहिल्यापेक्षा जास्त सुजलेले. सोबत आलेली सून रडकुंडीला येऊन सांगत होती, “बाई, पाणी मी सवता मोजून देत हुते. दीड लिटरच्या वर एक घोट न्हाई दिला.” खोटं नव्हतं ते. मी शेजारी बसून दिवसभराचं खाणंपिणं विचारलं. सकाळी दोन कप चहा, न्याहारीला आंबील, दुपारी तांब्याभर ताक, संध्याकाळी परत चहा, रात्री आमटी नाहीतर पांढरा रस्सा. यातलं काहीच त्यांनी मोजलं नव्हतं, कारण मी ‘पाणी’ म्हटलं होतं. ताक म्हणजे काय पाणी? भाजीत मीठ अगदी कमी केलं होतं, पण ताटात खर्डा, लोणचं आणि पापड रोज होताच. त्यालाही मी काही बोलले नव्हते.

चूक माझी होती. फ्लुइड म्हणजे पोटात जाणारं सगळंच पातळ, पण त्याला मी सहज सुचला तो ‘पाणी’ शब्द वापरला. घरी गेल्यावर आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, असं सांगत्यात व्हय? त्यास्नी तांब्या दाखवायचा.” दुसऱ्या वेळी मी तसंच केलं. दीड लिटरची बाटली भरून सुनेच्या हातात दिली. सांगितलं, सकाळी ही भरून ठेवायची. आजोबांनी कपभर चहा घेतला की कपभर पाणी बाटलीतून ओतून टाकायचं. ताक, आंबील, आमटी, रस्सा, सगळ्याला हाच हिशोब. बाटली संपली की दिवसाचं पिणं संपलं. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खायच्या आधी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलोनं वाढलं तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. मग तिला म्हटलं, आता हे सगळं तुम्ही मला सांगा. तिनं न चुकता सांगितलं. हे सांगून घेणं मी पहिल्या वेळी केलंच नव्हतं.

तेव्हापासून मी एका वहीत शब्द लिहून ठेवते, रुग्ण जसे बोलतात तसे. ‘उन्हाळी लागलीया’ म्हणजे लघवीला जळजळ होते. शहरात वाढलेल्या माझ्याच वर्गातल्या मराठी मुलीनं त्याची नोंद उन्हाचा त्रास अशी केली होती. ‘अंगावरनं वारं गेलं’ म्हणजे लकवा. हे न कळणं तर फारच महागात पडेल, कारण मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. वारं कधी गेलं हे विचारायला आधी वारं म्हणजे काय ते माहीत हवं. मधुमेहाचे एक काका म्हणाले होते, “चप्पल पायातनं निसटली तरी कळत न्हाई.” पायाची संवेदना गेल्याचं इतकं नेमकं वर्णन मला पुस्तकात सापडलं नाही. हर्नियाच्या ऑपरेशननंतर एका बाबांना शिकवल्याप्रमाणे विचारलं, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? ते गप्प. शेजारच्या खाटेवरचे म्हणाले, “आण्यात विचार.” विचारलं तर लगेच उत्तर आलं, “बारा आणे.” संध्याकाळी इंजेक्शननंतर सहा आणे. जुन्या रुपयाच्या सोळा आण्यांची ती मोजपट्टी त्यांच्या अंगात मुरलेली आहे.

नर्सिंग प्रोसेसची पहिली पायरी म्हणजे असेसमेंट, रुग्णाची चौकशी आणि तपासणी. त्यात ‘सब्जेक्टिव्ह डेटा’ रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत लिहायचा, असं आम्ही पाठ करतो. प्रत्यक्षात कळ, ठणका, चमक, आग, भगभग, गोळे या सगळ्यांचं फाइलमध्ये एकच होतं, ‘कंप्लेन्स ऑफ पेन’, म्हणजे नुसतं ‘दुखतंय’. कळ आणि आग यांत फरक असतो म्हणूनच तर रुग्ण दोन वेगळे शब्द वापरतो.

मी इंग्रजीच्या विरोधात नाही. औषधाचं नाव, डोस, चार्ट इंग्रजीतच हवेत. तिथं गोंधळ चालत नाही. पहिल्या सत्रात आम्हाला ‘कम्युनिकेटिव्ह इंग्लिश’ 40 तास असतं आणि मराठी शाळेतून आल्यामुळं मला त्याचा फार उपयोग झाला. पण रुग्णाशी मराठीत बोलायला शिकवण्यासाठी आमच्या वेळापत्रकात एकही तास नाही. मराठी येतेच की, असं धरलेलं आहे. माझ्या वर्गात केरळची मैत्रीण आहे, तिला ती येत नाही. आणि मला येते असं मला वाटत होतं. सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या, ओपीडीबाहेर दहा मिनिटं उभं राहा, मालवणी ऐकू येईल, सीमाभागातलं कन्नड मिसळलेलं मराठी ऐकू येईल, गळीत हंगामात बीडकडच्या ऊसतोड कामगारांची बोली ऐकू येईल. नर्स म्हणून जर्मनीत नोंदणी हवी असेल तर जर्मन भाषा बी२ पातळीपर्यंत, म्हणजे सहज संवाद साधण्याइतकी, यावी लागते. आमच्या काही सीनियर त्यासाठी रात्री जागून अभ्यास करतात. तिथल्या रुग्णाशी नर्सला नीट बोलता आलं पाहिजे हे त्या देशाला कळतं. आमच्या तालुक्यातल्या गारगोटीच्या रुग्णाचाही तेवढाच हक्क आहे.

माझी मागणी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडं आणि आपल्या भागातल्या नर्सिंग कॉलेजांच्या प्राचार्यांकडं आहे. पहिल्या वर्षी निदान 20 तास वॉर्डमधल्या मराठीला द्यावेत आणि ते वॉर्डमध्ये आयुष्य काढलेल्या सिस्टरनी शिकवावेत. केस शीटमध्ये रुग्णाचं म्हणणं देवनागरीत, त्याच्याच शब्दांत लिहू द्यावं, खाली इंग्रजी अर्थ. प्रात्यक्षिक परीक्षेत जसं ड्रेसिंग करून दाखवावं लागतं, तसं घरी जाणाऱ्या रुग्णाला मराठीत समजावून दाखवायला लावावं, आणि रुग्णानं परत नीट सांगितलं तरच गुण द्यावेत. यातल्या केस शीटच्या बदलाला तर पैसाही लागत नाही.

माझ्या वहीत आतापर्यंत 140 शब्द झालेत. राधानगरी, शाहूवाडी, चंदगड भागातल्या आशाताईंनी आणि निवृत्त सिस्टरनी आपल्याकडचे शब्द या सदरातून कळवले तर ते मी त्यात घालेन. चंदगडकडचे शब्द माझ्याकडं फारच थोडे आहेत.

कळावे,
एक विद्यार्थिनी,
बी.एस्सी. नर्सिंग, पाचवे सत्र, कोल्हापूर