पेपर कोण घेतो यापेक्षा कोण वाचतो ते विचारा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परवा आपल्या पेपरात पहिल्या पानावर चौकट आली, वाचकांनी क्यूआर कोड स्कॅन करून फॉर्म भरावा, काय वाचायला आवडतं ते कळवावं म्हणून. पहिल्यांदा सांगतो, फार चांगलं काम काढलंय तुम्ही. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पेपरचा एजंट आहे, वडिलांच्या वेळेपासून ही लाईन आमच्याकडं आहे, आणि आमच्या भागातल्या मराठी वाचकाला तुला काय पाहिजे बाबा असं कुणी येऊन विचारलेलं मी बघितलेलं नाही. बेळगावात बाबुराव ठाकुरांनी १९१९ साली तरुण भारत सुरू केला, म्हणजे इथल्या मराठी पेपराला शंभर वर्षं कधीच होऊन गेली, सार्वजनिक वाचनालय तर १८४८ चं. एवढी जुनी वाचायची सवय ज्या भागाला आहे तिथं ती सवय आता कशी आहे हे नीट बघायलाच पाहिजे. म्हणूनच लिहितोय, कारण हा सर्व्हे नुसता मोबाईलवर झाला तर चुकीची माणसं उत्तरं देणार आणि त्या उत्तरांवर तुम्ही पानं बदलणार.

माझ्या लाईनीवर जे खरे वाचक आहेत, म्हणजे गठ्ठा यायला उशीर झाला तर ज्यांचा फोन येतो "मामा, आज पेपर येऊलालाय का न्हाई" म्हणून, ते बहुतेक साठीच्या पुढचे. त्यांच्याकडं बटणाचा फोन आहे नाहीतर मुलानं दिलेला मोबाईल आहे ज्यात ते फक्त फोन उचलतात. ते क्यूआर कोड स्कॅन करणार नाहीत, ते नातवाला सांगणार तू भर, आणि नातू स्वतःच्या आवडीनं भरणार, तो तर पेपर उघडतसुद्धा नाही. मग तुमच्याकडं निष्कर्ष येणार की वाचकाला मोबाईलची माहिती, करिअर आणि क्रिकेट पाहिजे, आणि बाजारभावाची चौकट अजून बारीक होणार. बटाटा, रताळी मार्केट यार्डात काय भावानं गेली हे बघून गाडी भरायची का थांबायचं ठरवणारा माणूस त्या फॉर्ममध्ये कुठंच दिसणार नाही.

दुसरी गोष्ट खपाची. खप मोजायला एबीसी नावाची संस्था आहे, १९४८ पासून, ते दर सहा महिन्यांनी विकलेले अंक मोजतात आणि जाहिरातवाले त्यावर चालतात. पण विकलेला अंक आणि वाचलेला अंक यात आमच्या खेड्यात फार फरक आहे. एक उदाहरण सांगतो. एका गावात बस स्टॉपजवळच्या हॉटेलात मी एक अंक टाकतो. सकाळी पहिल्या बसला बेळगावला जाणारे, उद्यमबागला कामाला जाणारे, चहा पिता पिता तो बघतात, कुणी फक्त पहिलं पान, कुणी मागचं पान, पुरवणी एकाकडं आणि मेन अंक दुसऱ्याकडं. बस गेली की कट्ट्यावरची म्हातारी मंडळी येतात, त्यातले एक निवृत्त गुरुजी मोठ्यानं वाचतात आणि बाकीचे ऐकतात. ज्यांना वाचता येत नाही, ज्यांची दृष्टी गेलीय, ते सगळे त्या एका अंकाचे वाचकच आहेत की नाही, तुम्ही सांगा. दुपारी हॉटेलवाल्याची बायको आणि शेजारच्या शिवणक्लासच्या मुली बघतात. दुसऱ्या दिवशी तोच अंक सलूनमध्ये. हिशोबात मात्र एकच अंक, एकच गिऱ्हाईक, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे हॉटेलवाला, ज्याला स्वतःला वाचायला वेळच मिळत नाही!

असं वाचन मोजायला आयआरएस नावाचा देशभरचा सर्व्हे आहे, त्यात अंकाची संख्या सोडून माणसांना विचारतात, काल हा पेपर वाचला का, महिन्याभरात कधी वाचला का. तीन लाखांवर घरं त्यात घेतात. पण तो २०१९ चा निघाला आणि मग कोरोनात थांबला. आणि असले मोठे सर्व्हे राज्याराज्याचे आकडे काढतात, त्यात आमची अडचण अशी की आम्ही मराठी वाचतो पण मोजले जातो कर्नाटकात. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४८ लाखांच्या आसपास होती, त्यात मराठी मातृभाषा असलेले १८-१९ टक्के, म्हणजे ९ लाखांच्या जवळपास माणसं. ९ लाख थोडे नव्हेत. पण कर्नाटकच्या सहा कोटीत बघितलं तर दिसत नाहीत आणि महाराष्ट्राच्या आकड्यात तर धरतच नाहीत. म्हणून आमचा सर्व्हे आमच्या पेपरालाच करावा लागणार, दुसरं कोण करणार?

आता फॉर्ममधल्या प्रश्नांबद्दल. पहिलाच प्रश्न आहे, तुम्हाला कोणत्या बातम्या वाचायला आवडतात. साहेब, या प्रश्नाला माणूस खरं उत्तर देत नाही, आणि तो खोटारडा असतो म्हणून नव्हे, चारचौघात चांगलं दिसेल ते सांगायची माणसाची रीतच आहे. अग्रलेख वाचतो म्हणणार, राजकारण, शेती म्हणणार. मी पेपर हातात देतो आणि तिथंच उभा असतो ना, मला दिसतं पहिलं पान कुठलं उघडतात ते. निधन वार्ता. कोण गेलं, कुठल्या गावचं, रक्षाविसर्जन कधी आहे. घरातली बाई स्वयंपाकघरातून ओरडते, कोण गेलं बघ रे आधी. आणि त्यात कमीपणा काही नाही, आमच्याकडं माहेर एका गावात, सासर दुसऱ्या गावात, भावकी दहा गावांत पसरलेली, रक्षाविसर्जनाला पोचलं नाही तर आयुष्यभर बोल लागतो. ते पान म्हणजे आमच्या नात्यागोत्याची वही आहे. त्याच्यानंतर जाहीर नोटीस बघतात, कुणाची जमीन कुणी घेतली, हरकत किती तारखेपर्यंत द्यायची, आणि रिंगरोडची नि बायपासची भूसंपादनाची बातमी आल्यापासून तर शेतकरी ते भिंग लावून वाचायला लागलेत. मग हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, कुठल्या दिवशी वीज नाही ती बारकी बातमी. पावसाळ्यात कणकुंबीत पाऊस किती आणि राकसकोप धरण भरलं का. यातलं एकसुद्धा तुमच्या फॉर्मच्या यादीत नाही.

तर माझं म्हणणं असं की आवड विचारू नका, कालचा अंक समोर ठेवा आणि एकेक पान उलटत विचारा, हे बघितलं होतं का, हे पुरतं वाचलं का, हे कुणाला वाचून दाखवलं का. पेन्सिलनं खूण करायची बस्स. वेळ लागतो, मान्य आहे, पण थोड्याच माणसांना असं बसून विचारलं तरी हजार मोबाईल फॉर्मपेक्षा जास्त कळेल. आणि एकाच दिवशी नको, आठवड्यातले वेगवेगळे दिवस धरा, रविवारचं वाचन वेगळं आणि बाजाराच्या दिवसाचं वेगळं.

सीमाप्रश्नाचं सुद्धा इथंच बोलतो, कारण ते बोलल्याशिवाय आमच्या वाचकाची गोष्ट पुरी होत नाही. सीमाप्रश्नाच्या बातम्या आवडतात का असं विचारलं तर आमच्या भागात नाही कोण म्हणेल? मीही म्हणणार नाही, आमच्या घरातली माणसं लाठ्या खाल्लेली आहेत. पण त्या हो मधून तुम्हाला काय कळणार. २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, तारीख जवळ आली की माझ्याकडं जादा अंकाची मागणी येते, १७ जानेवारीला हुतात्मा दिनाला नि १ नोव्हेंबरला काळ्या दिनालाही येते. मधल्या दिवसात कुणा पुढाऱ्यानं पत्रक काढलं अशी बातमी असली तर लोक हेडिंग बघून पान उलटतात. म्हणजे प्रश्नावरचा जीव कमी झालाय असं नव्हे, त्यांना दाव्यात नेमकं काय चाललंय ते सोप्या भाषेत पाहिजे, आणि मराठीत कागदपत्रं मिळायचा जो भाषिक अल्पसंख्याकांचा हक्क आहे त्याचं कुठल्या ऑफिसात काय करायचं ते पाहिजे. हे नीट प्रश्न विचारला तरच बाहेर येईल.

अजून एक, आमच्या भागात भाषा विचारणं हा साधा प्रश्न नाही. अनोळखी माणूस दारात येऊन तुम्ही कुठल्या भाषेत वाचता विचारायला लागला की लोक आधी त्याच्याकडं बघतात, हा सरकारचा का, एकीकरण समितीचा का, कुठल्या पार्टीचा, आणि मग त्याच्या मनासारखं उत्तर देतात. म्हणून विचारायला जाणारा आमची बोली बोलणारा पाहिजे आणि पेपराकडून आलोय हे त्यानं आधीच सांगायला पाहिजे. आणि एकच भाषा निवडा असा प्रश्न काढून टाका. आमची तरणी पोरं मराठी घरातली, पण पोलीस भरतीची नि सरकारी नोकरीची माहिती कन्नड पेपरात बघतात, तिथं त्यांना ती आधी नि पुरती मिळते म्हणून. त्यांनी कन्नड लिहिलं म्हणून ती मराठी वाचक नाहीत असं धरू नका. उलट ती माहिती मराठीत का नव्हती हे स्वतःला विचारा.

बायकांचं तर कुणीच विचारत नाही. पेपर नवऱ्याच्या नावावर, बिल त्याच्या नावावर, फॉर्म पण तोच भरणार. २०२३ ला कर्नाटक सरकारनं बायकांना बस फुकट केली आणि मग गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० रुपये आले, तेव्हा ज्या घरात कधी पेपर गेला नाही त्या घरातल्या बायका माझ्याकडं अंक मागायला आल्या, कारण फॉर्म कसा भरायचा, कुठले कागद लागतात हे मराठीत फक्त पेपरात मिळत होतं, सरकारचं सगळं कन्नडमध्ये. अंक घडी करून ब्लाउजात ठेवून नेलेल्या मी बघितल्यात. त्या वाचकांचं पुढं काय झालं? त्यांना परत काही मिळालं नाही म्हणून त्या परत आल्या नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं.

आणि ज्यांनी पेपर बंद केलाय त्यांनाही विचारा, कारण चालू असलेल्या वाचकाला विचारून फक्त काय चांगलं चाललंय ते कळतं. २०२० ला लॉकडाऊनमध्ये पेपराला हात लावला की कोरोना होतो अशी अफवा उठली आणि कितीतरी घरांनी पेपर बंद केला, त्यातली काही परत आलीच नाहीत. काही घरात पोरं गोव्याला, पुण्याला गेली, म्हातारा गेला, आता घराला कुलूप आहे. पण त्याच पोरांना गावाकडचे लोक पानाचा फोटो काढून व्हॉट्सअपवर पाठवतात, ती तिकडं बसून आपल्या गावची यात्रा नि कुस्त्यांचं मैदान वाचतात. हे वाचन कुठल्याच हिशोबात नाही. आणि इंग्लिश मिडीयमला गेलेल्या मुलांना मराठी बोलता येतं पण वाचायला जड जातं, जोडाक्षर आलं की अडतात, त्यांना हळू हळू वाचता येईल असं मोठ्या टाईपातलं काही पाहिजे का हे त्यांच्या आयांना विचारा.

ही सगळी नावं एजंटांकडं आहेत साहेब. कुणी कधी चालू केला, कुणी कधी आणि का बंद केला, वहीत नसलं तरी डोक्यात आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळीकडं आमच्यासारखे आहेत, आम्हाला एक दिवस बोलवा.

फक्त जुलैत करू नका, रोप लावणीत घरी कोण सापडत नाही आणि पाऊस पण उभा राहू देत नाही. सुगीत पण नको. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत करा, परीक्षा सुरू व्हायच्या आत. कागदाचा फॉर्म छापला तर गठ्ठ्यात घालून पाठवा, मी माझ्या लाईनीवर घरोघर देतो, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा बसून लिहून घेतो, आणि परत आलेले फॉर्म तुमच्या गाडीवाल्याकडं सकाळी देतो. पैसे नकोत. एकच मागणी आहे, जे उत्तर येईल ते चांगलं असो वाईट असो, पेपरात छापा.

आपला,
एक पेपर एजंट, खानापूर तालुका