आजीच्या मलमाबद्दल

पंचवटी, नाशिक

प्रिय सई,

काल फोनवर तू चांगलीच भडकलीस. "आजीची आधीच एवढी आग होतेय आणि तुम्ही तिला मिरचीचं मलम कसलं लावताय?" काळजीपोटी बोललीस, हे कळतं मला. पण मेडिकलमध्ये गर्दी होती, म्हणून आता निवांत बसून लिहितेय.

आजीची नागीण बरी झाली, खपल्याही पडल्या. पण ज्या नसेच्या वाटेने ती बाहेर आली, ती नस दुखावलेलीच राहिली. बरगडीखाली आता नुसते डाग आहेत, तरी पदर घासला तरी आजी कळवळते. ते मलम या नसांच्या टोकांसाठी आहे.

मिरचीला तिखटपणा देतं ते कॅप्सेसिन, आणि आजीच्या मलमातही तेच आहे. ते बियांमध्ये असतं असं सगळे समजतात, पण तयार होतं ते बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात त्यात. आपल्या वेदनेच्या नसांच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचं एक प्रथिन असतं. ते म्हणजे एक दार समज. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर काही गरम लागलं की ते उघडतं, कॅल्शियम आणि सोडियम आत शिरतात आणि भाजतंय असं नस मेंदूला कळवते. कॅप्सेसिन नेमकं याच प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि काही गरम नसतानाही दार उघडतं. मेंदूला तो फरक कळायचा कसा? म्हणून मिसळीची तर्री जास्त झाली की घाम फुटतो, नाक वाहतं. शरीर खरोखरच्या उष्णतेशी लढायला लागतं. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हे प्रथिन शोधलं ते कॅप्सेसिनच्याच मागावर राहून. २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत मिळालं.

आपल्या गच्चीवरच्या लवंगी मिरच्या पोपट खुशाल खातात ना? पक्ष्यांमध्ये हेच प्रथिन थोडं वेगळं असतं, त्याच्यावर कॅप्सेसिनचा काही परिणाम होत नाही. मिरचीचा त्यात फायदाच, कारण पक्ष्यांच्या पोटातून बी न चिरडता दूरवर जाऊन पडतं.

आता आजीचं. कॅप्सेसिन लागलं की ते दार एरवीपेक्षा कमी उष्णतेलाही उघडायला लागतं. मिसळीनंतरचा चहा जास्तच चटका देतो तो यामुळेच. म्हणून मलम लावायच्या आधी किंवा लगेच नंतर आजीला कढत पाण्याने आंघोळ करू द्यायची नाही, असं मी तुझ्या बाबांना बजावून ठेवलंय. पण तीच नस पुन्हा पुन्हा अशी चेतवली गेली की हळूहळू दाद देईनाशी होते. कातडीतली तिची टोकं काही काळ निकामी होतात आणि कळ वर पोहोचवणं कमी होतं. मलम थांबवलं की ती टोकं परत वाढतात, म्हणून त्याची भीती बाळगू नकोस.

अडचण एवढीच की हा आराम लगेच मिळत नाही. सुरुवातीला आग वाढते, गुण यायला दोन-चार आठवडे लागू शकतात, आणि रोज तीन-चार वेळा न चुकता लावावं लागतं. दुकानात मी हेच बघते: माणसं दोन दिवस लावतात, आग आग होते म्हणून ट्यूब कपाटात टाकतात आणि औषध वाईट म्हणतात. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हेही तुला सांगून ठेवते. पण अर्धवट सोडलं तर कळणार तरी कसं? परदेशात आठ टक्क्यांची पट्टी मिळते, ती दवाखान्यातच तासभर लावून काढतात आणि तिचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो. आपलं मलम ०.०७५ टक्क्यांचं, फारच सौम्य.

आजी सोसते गं. मी हातमोजा घालून अगदी पातळ थर लावते, ती पलंगाची कड घट्ट धरते आणि जरा वेळाने म्हणते, "कालच्यापेक्षा कमी आहे हो." ती माझं मन राखायला बोलत नाहीये. परवा तिने स्वतःहून सैल चोळीऐवजी नेहमीचं ब्लाऊज मागितलं, आणि गेल्या महिन्यात तिला कापडाचा स्पर्शही सहन होत नव्हता.

तू शनिवारी येशील तेव्हा दुपारचं मलम तूच लाव. डोळ्यांतल्या लेन्स आधी काढून ठेव. हातमोजे फडताळात वरच्या खणात आहेत. तरीही बोटांना लागलंच, तर नुसतं पाणी ओतत बसू नकोस, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. आधी खोबरेल चोळ, मग साबणाने दोनदा हात धू. आणि कातडी कुठे फुटलेली दिसली तर तिथे अजिबात लावायचं नाही, आधी मला हाक मार.

तुझी,
आई