दीपाच्या पोराचा रिपोर्ट

प्रिय बंड्या,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आम्ही बरे, आईचे गुडघे तसेच, धान घरात आलं.

आमच्या दीपाच्या पोराचा रिपोर्ट आला. एसएस, म्हणजे सिकलसेल आजारच, नुसता वाहक नाही. तुझ्या ताईनंतर तुला हे सांगायला जीव होत नव्हता.

सात महिन्यांचं लेकरू. एकाएकी हातापायांची बोटं सुजली, रात्रभर रडलं. आई म्हणते, "इतके दिवस चांगला होता न, नजर लागली लेकराले." मी चिडलो आणि मग गप्पच झालो. होताच ना चांगला! गर्भातलं हिमोग्लोबिन होतं रक्तात. ज्यात दोष असतो ती बीटा साखळी त्यात नसतेच, गॅमा असते. पेशी वाकणार कशा? पण जन्मानंतर ते बंद पाडणाऱ्यांत मुख्य आपलं बीसीएल-११-ए हे प्रथिन. शेपटाकडच्या तीन झिंक फिंगरनी, म्हणजे डीएनए पकडणाऱ्या बोटांनी, ते गॅमा जनुकाच्या ११५ अक्षरं आधीची टीजीएसीसीए ही जागा धरतं, एनयूआरडी या प्रथिनांचा लवाजमा बोलावतं, की जनुक गप्प. तुझ्यामाझ्यातही त्यानं हेच केलं बे, काही बिघडलं नाही. या पोराच्या बीटात मात्र सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन.

एमएस्सीला तू अशा जनुकं बंद करणाऱ्या प्रथिनांना, रिप्रेसरांना, 'नकाराचा शिक्का मारणारे कारकून' म्हणायचास. त्यावरून मेसमध्ये पिठलं थंड होईस्तोवर भांडलो होतो. आज त्या कारकुनाला मीच शिव्या देतोय. बिचारा नियमानंच वागला.

२००८ मध्ये त्याचं हे काम कळलं, २०२३ मध्ये त्यावरचा जनुक-उपचार कॅसगेवी आला. रुग्णाच्याच मूळपेशी काढून क्रिस्परच्या कात्रीनं त्यांचा डीएनए कापतात. अख्खं जनुक नाही, कारण ते प्रथिन मेंदूला, बी-पेशींनाही लागतं. दुसऱ्या इंट्रॉनमधला, म्हणजे जनुकातल्या प्रथिन न बनवणाऱ्या तुकड्यातला, तांबड्या पेशींपुरता स्विच तेवढा मोडायचा. २०२३ च्या मंजुरीत वय १२ पासून पुढे. अमेरिकेत तेव्हा किंमत २२ लाख डॉलर. आमचं वावर बोडीसकट विकलं तर विमानाचं तिकीट तरी येईल.

तिकडे सासरचे दीपालाच बोल लावतात. मी म्हटलं, दोघांकडूनही हा दोष आल्याशिवाय एसएस होत नाही. तर भाऊजी म्हणतात, "माझी तपासणीच झाली नाही, माझ्यात कुठून येईल?" आता बोल!

फ्लॅटचं अभिनंदन. वहिनींच्या बदलीचं झालं का?

हायड्रॉक्सियुरिया हे औषध नऊ महिन्यांपासून देता येतं, गर्भातलं हिमोग्लोबिन त्यानंही वाढतं. धास्ती वेगळीच आहे. रक्ततपासण्यांना कंटाळून तुझ्या बाबांनी ताईची हीच गोळी बंद केली होती, तसंच भाऊजी करतील. तू बोल त्यांच्याशी, ताईचं सगळं सांग. माझं काय ऐकणार, साळा पडलो. नंबर मागे लिहिलाय. रात्री आठनंतर कर. तेव्हा ते ओसरीवर, रेंजमध्ये असतात.

तुझा,
दिन्या