नोहाच्या कावळ्याची बाजू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला बायबलमधला जलप्रलय आणि शांतीचे कबुतर यांवरचा लेख वाचला. लेख वाचनीय आहे, पण त्यात कावळ्याला आल्या आल्याच निकालात काढले आहे. जलप्रलयात तारवात, म्हणजे मोठ्या नौकेत, जीवजाती वाचवणाऱ्या नोहाने पाणी ओसरले का ते पाहायला आधी कावळा सोडला, तो प्रेतांवर ताव मारत बसला आणि धन्याला विसरला, असे लेखकमहाशय सांगून मोकळे होतात. प्रवचनांतून आणि चित्रकथांतून ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे, की ती मूळ ग्रंथातलीच वाटते. ती तिथे नाही.

बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात कावळ्याच्या वाट्याला एकच ओळ आली आहे. चाळीस दिवस झाल्यावर नोहाने तारवाची खिडकी उघडून कावळा बाहेर सोडला, आणि जमिनीवरचे पाणी आटेपर्यंत तो जात-येत राहिला. बस, एवढेच. प्रेतांचा उल्लेख नाही, बेइमानीचा नाही, नोहा रागावल्याचाही नाही. प्रेतांची भर नंतरच्या भाष्यकारांची. ख्रिस्ती प्रवचनकारांनी तर पुढे कावळा म्हणजे पापी आणि कबुतर म्हणजे पुण्यवान अशी सरळ वाटणीच करून टाकली. प्रवचनाला असली वाटणी सोयीची पडते.

जलप्रलयाची याहून जुनी कथा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, गिल्गमेश या महाकाव्याच्या अकराव्या मृत्तिकापाटीवर आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज स्मिथने ती वाचून १८७२ मध्ये जगापुढे आणली. तिथे आधी कबुतर सुटते, मग पाकोळी आणि शेवटी कावळा. पहिले दोघे टेकायला जागा न मिळाल्यामुळे परत येतात. कावळा येत नाही, कारण पाणी ओसरले आहे आणि त्याला खायला मिळाले आहे. त्याचे न परतणे हीच तिथे आनंदाची बातमी! हिब्रू कथेतले कबुतरही तिसऱ्या खेपेला परतत नाही, पण त्याला आजवर कुणी कृतघ्न म्हटलेले माझ्या वाचनात नाही.

ज्यू धर्मपंडितांना मात्र ती एक ओळ पुरेना. कावळाच आधी का, आणि तो नुसत्या घिरट्या का घालत राहिला? तालमूद या ज्यू धर्मचर्चांच्या ग्रंथाच्या सन्हेद्रिन या भागात तिसऱ्या शतकातले पंडित रेश लाकिश सांगतात, की कावळ्याने नोहाला बिनतोड जबाब दिला. तुझा धनी, म्हणजे देव, माझा द्वेष करतो आणि तूही करतोस, असे तो म्हणाला. धन्याने शुद्ध जातींचे सात-सात आत घ्यायला लावले आणि आम्हा अशुद्धांचे दोनच. आणि तू? सातांतला एखादा पाठवायचा सोडून जिथे दोनच जीव आहेत तिथला उचललास. उन्हाने किंवा थंडीने मी मेलो तर जगातून एक जातच जाईल, त्याचे काय? पुढे तो आपल्या मादीवरून नोहावर एक भलताच संशयही घेतो. तो घरोघरी वाचल्या जाणाऱ्या वृत्तपत्रात लिहिण्याजोगा नाही. पण पहिला मुद्दा पाहा. दीड हजार वर्षांपूर्वी सिद्ध झालेल्या ग्रंथात जात नामशेष होण्याची भीती बोलून दाखवली आहे, आणि ती कावळ्याने. वन्यजीव सप्ताहातल्या भाषणांत याहून नेमके काही मी ऐकलेले नाही.

बेरेशीत रब्बा या उत्पत्तीवरच्या प्राचीन ज्यू भाष्यात हे भांडण पुढे सरकते. नोहा कावळ्याला हिणवतो: जगाला तुझा उपयोग काय? तू खायला चालत नाहीस, बळी द्यायलाही चालत नाहीस. त्यावर देव नोहाला सांगतो, त्याला आत घे, जगाला पुढे त्याची गरज लागणार आहे. केव्हा? पाऊस रोखून धरणारा एक सत्पुरुष जन्माला येईल तेव्हा. अकराव्या शतकातले फ्रान्समधले थोर भाष्यकार राशी हेही उत्पत्तीच्या या ओळीवर लिहिताना तेच म्हणतात: कावळा दुसऱ्या कामगिरीसाठी राखून ठेवलेला होता.

तो सत्पुरुष म्हणजे संदेष्टा एलीया. इस्राएलचा राजा अहाब याला त्याने तोंडावर सांगितले, की माझ्या शब्दावाचून या देशात दव पडणार नाही की पाऊस पडणार नाही. मग देवाच्या आज्ञेने तो यार्देन नदीच्या पूर्वेला करीथ नावाच्या ओहोळाकाठी लपून राहिला. पाणी ओहोळाचे; भाकर आणि मांस मात्र सकाळ-संध्याकाळ कावळे आणून देत. बायबलमधल्या लेवीय आणि अनुवाद या नावांच्या दोन्ही पुस्तकांतल्या निषिद्ध पक्ष्यांच्या यादीत कावळ्याचे नाव स्पष्ट आहे. ज्याला खायचे नाही, त्याच्याच चोचीतून आलेला घास नियमशास्त्रासाठी प्राण पणाला लावणारा संदेष्टा खातो, आणि असा डबा पोहोचवायला देवाला कबुतर सुचत नाही. पंडितांनाही ही गोष्ट पचायला जड गेली असावी. हे कावळे नसतील, त्या नावाची दोन माणसे असतील, असा एक तर्क तालमूदमध्ये येतो, पण दोघांचेही नेमके तेच नाव कसे असेल असे विचारून तिथेच तो खोडलाही जातो. मग हे मांस कुठले? अहाबाच्या खाटकांकडचे, असे उत्तर आहे. ज्या राजाच्या भीतीने लपायचे त्याच्याच मुदपाकखान्यातून दोन वेळचे जेवण, हा मिश्कीलपणा मला फार आवडतो.

माझ्या मते हिब्रू शास्त्रातल्या कावळ्याचा खरा अर्थ इथेच सापडतो. ज्याच्याकडे कुणी बघणार नाही त्याच्याकडेही देवाचे लक्ष असते, हे सांगायचे असले की या ग्रंथांना कावळा आठवतो. संकटांनी गांजलेल्या ईयोबाला देव वादळातून विचारतो, कावळ्याची पिले अन्नासाठी टाहो फोडतात तेव्हा त्यांना चारा कोण देतो? १४७ व्या स्तोत्रातही गुराढोरांपाठोपाठ हाका मारणारी कावळ्याची पिलेच येतात, चिमणीची नव्हेत. नव्या करारात लूकने लिहिलेल्या शुभवर्तमानात येशूही कावळ्यांकडे पाहा म्हणतो. ना पेरणी, ना कापणी, ना कोठार, तरी देव त्यांना खायला घालतो. म्हणजे हा धागा तिथवर टिकला होता. कावळ्याला पापी ठरवण्याची घाई त्यानंतरची.

पंडितांनी या पिलांचीही चौकशी केली. आईबाप असताना पिलांना हाका का माराव्या लागतात? तर पिले जन्मतः पांढरी असतात म्हणून आईबाप त्यांना आपली मानत नाहीत, काळी झाली की मग जवळ करतात, असा त्यांचा समज. पक्षिशास्त्र म्हणून हे टिकायचे नाही, कारण कावळ्याची अंड्यातून नुकती बाहेर आलेली पिले उघडीबोडकी, गुलाबीसर असतात आणि नर-मादी दोघे मिळून त्यांना भरवतात. पण या चर्चेला निमित्त कसले होते, ते बघण्यासारखे आहे. लहान मुलांना पोसणे बापाला बंधनकारक करणारा एक नियम उशा नावाच्या गावी झाला होता, आणि टाळाटाळ करणाऱ्या बापाचे काय करायचे असा प्रश्न होता. रब्बी हिस्दा यांचा उपाय असा: गावात एक उखळ पालथे घालावे, त्यावर त्या माणसाला उभे करावे आणि त्याच्याच तोंडून सगळ्यांदेखत वदवून घ्यावे, की कावळ्यालासुद्धा आपली पिले हवी असतात, या माणसाला मात्र स्वतःची मुले नकोत. पोटगी बुडवणाऱ्यांसाठी हा कार्यक्रम आपल्याकडेही करून पाहायला हरकत नसावी.

कावळा म्हणजे सगळे मंगलच, असे मला म्हणायचे नाही. बापाची टर उडवणाऱ्याचा डोळा खोऱ्यातले कावळे टोचून काढतील, असे बायबलमधली नीतिसूत्रे बजावतात, आणि संदेष्टा यशया अदोमच्या ओसाड भूमीत कावळ्यांची वस्ती दाखवतो. उलट गीतरत्न या प्रेमकाव्यातली प्रेयसी आपल्या सख्याच्या कुरळ्या केसांना कावळ्याइतके काळे म्हणून वाखाणते. कबुतराचेही तसेच. संदेष्टा होशेय एफ्राईमला, म्हणजे इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्याला, भोळसट, अक्कलशून्य कबुतर म्हणतो. यशयात कबुतर शोकाने घुमते. गरिबाला कोकरू परवडले नाही तर त्याने बळी द्यायचा तो पक्षीही हाच. शांतीबद्दल म्हणाल, तर नोहाच्या कथेत जैतुनाचे पान एवढेच सांगते, की कुठेतरी झाडाचा शेंडा पाण्यावर आला आहे. शांती तिथे ख्रिस्ती परंपरेने आणली, आणि १९४९ च्या पॅरिसमधल्या शांतता परिषदेसाठी निवडलेल्या पिकासोच्या चित्रामुळे ती भित्तिपत्रकांवर पोहोचली. आपल्या लेखात हे टप्पे यायला हवे होते.

शिवाय रायगडच्या वाचकाला एलीया परका नाही. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या, घाण्यावर तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी विश्रांतीचा शब्बाथ पाळणाऱ्या बेने इस्राएल या ज्यू समाजाला आपल्याकडे शनिवार तेली म्हणत. मराठी बोलणाऱ्या या समाजाचे एलियाहू हन्नाबी, म्हणजे हाच एलीया, हे मोठे श्रद्धास्थान. नवस फेडताना, मंगलकार्याच्या वेळी त्याच्या नावाने मलिदा करतात: गूळ-खोबरे घातलेले गोड पोहे आणि फळे. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे. बरीचशी कुटुंबे आता इस्राएलला गेली, तरी एलियाहूचा मलिदा तिथेही होतो.

तेव्हा एक विनंती. पुरवणीत या खडकावर आणि मलिद्यावर सविस्तर लेख द्यावा. जिल्ह्यातल्या सिनॅगॉगांची, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळांची, माहिती असणारी जुनी मंडळी अजून इकडे भेटतात, त्यांच्याशी बोलूनच तो लिहावा. एलीयाच्या अग्निरथाबरोबर करीथकाठच्या कावळ्यांनाही त्यात दोन परिच्छेद मिळावेत. आणि जलप्रलयाच्या लेखातले प्रेतांचे वाक्य मूळ ग्रंथातले नाही, एवढा खुलासा येत्या रविवारी छापावा.

कळावे, लोभ असावा.

एक वाचक, पेण
(नाव व पत्ता केवळ संपादकीय विभागाच्या माहितीसाठी सोबत जोडला आहे.)