रोजच्या आणि औपचारिक, दोन्ही कपड्यांवर चालणारे स्नीकर ओळखावेत कसे?

संपादक महोदय,

'एक पांढरा स्नीकर घेऊन ठेवा, जीन्सपासून ब्लेझरपर्यंत सगळ्यावर चालतो' हा सल्ला वृत्तपत्रांच्या फॅशन सदरांत वारंवार छापून येतो. पादत्राणे बनवण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामात असलेल्या आम्हा वाचकांना तो अपुरा वाटतो. लोक रंग पाहून बूट घेतात, आणि थोड्याच महिन्यांत चवड्याजवळचा पांढरा थर तडकतो किंवा सोल कडेने सुटू लागतो. असा बूट ब्लेझरखाली तर नाहीच, जीन्सवरही बरा दिसत नाही.

बूट नीटनेटका दिसणे मुख्यतः फर्म्यावर, म्हणजे तो ज्या पायाच्या आकाराच्या साच्यावर बेततात त्यावर, अवलंबून असते. पुढचा भाग किंचित निमुळता आणि बसका असेल, तर तो औपचारिक बुटाच्या जवळ जातो. फुगीर, रुंद नाकाचा बूट खेळाचाच दिसतो. सोलची कड बाजूने पाहता २५ ते ३० मिलिमीटरपर्यंत उंच असावी. ती ३५ च्या पुढे गेली की वर कितीही उंची चामडे असो, नजर सोलवरच जाते. वरचा भाग जितक्या कमी तुकड्यांचा, तितका चांगला. जाळीचे कापड, विणलेला वरचा भाग, ठळक नावे, चकाकते पट्टे हे सगळे टाळावे. आदिदासच्या ज्या टेनिस बुटाला १९७८ पासून स्टॅन स्मिथ हे नाव आहे, त्याच्या बाजूला शिवलेले पट्टे नाहीत, बारीक छिद्रांच्या तीन ओळी आहेत. कोर्टासाठी बनलेला तो बूट कोटाखालीही खपून गेला, त्यात या साधेपणाचा वाटा मोठा आहे.

रंग पांढराच हवा, हेही आम्हाला पटत नाही. संध्याकाळच्या समारंभाला गडद तपकिरी, गडद निळा किंवा काळा बूट अधिक शोभतो. मात्र सोलही त्याच रंगाच्या जवळपासचा हवा. काळ्या चामड्याखाली पांढरा सोल आला की बूट पुन्हा रोजच्या वापरातला दिसू लागतो.

खरी फसगत चामड्यात होते. 'लेदर' एवढाच शब्द पाहून समाधान मानू नये. वरच्या मूळ पोताचे, फुलग्रेन चामडे अंगठ्याने दाबले की बारीक, अनियमित सुरकुत्या उमटतात आणि बोट काढताच विरतात. खालच्या थरावर प्लॅस्टिकचा जाड लेप दिलेले चामडे दाबल्यावर सपाट खळगा पडतो आणि त्याचा पोत सगळीकडे एकसारखा दिसतो. चवडा रोज हजारो वेळा वाकतो. चामड्याचे तंतू वाकतात, लेप तितका वाकत नाही, म्हणून तो तडकतो. या भेगेवर पॉलिश चालत नाही, रंगही टिकत नाही. युरोपीय संघात १९९४ च्या निर्देशानुसार बुटाचा वरचा भाग, अस्तर-सुखतळा आणि बाहेरचा सोल कशाचा आहे, ते लेबलवर चिन्हांनी दाखवावे लागते. सोललेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे; त्याच आकृतीत पत्त्यांतल्या चौकटचे चिन्ह असेल तर लेप दिलेले चामडे; जाळी म्हणजे कापड; नुसते चौकटचे चिन्ह म्हणजे इतर साहित्य. बाहेरून आलेल्या अनेक जोड्यांवर ही चिन्हे असतात, पण ती वाचणारे ग्राहक फार थोडे. अस्तरही चामड्याचे असेल तर घाम शोषला जातो आणि टाचेजवळचा भाग लवकर फाटत नाही.

सोलकडे वळताना सुखतळा उचलून आत पाहावे. कपसोल म्हणजे वाटीसारखा वर वळलेला रबरी सोल. तो खरोखर शिवलेला असेल तर आतल्या कडेने टाक्यांची ओळ दिसते. बाहेर टाके आणि आत काहीच नाही, तर ते साच्यात उमटवलेले टाके समजावेत; जोड केवळ चिकटद्रव्याचा आहे. शिवलेला सोल झिजल्यावर उसवून नवा बसवता येतो. पॉलियुरेथेनचा सोल वजनाला हलका आणि पायाला मऊ असला, तरी हवेतल्या दमटपणाने त्याचे विघटन होते. 'खास प्रसंगासाठी' कपाटात जपून ठेवलेला बूट काही वर्षांनी पहिल्याच दिवशी भुगा होऊन सुटतो, त्याचे कारण हेच. अशा वापरासाठी रबरी सोल घ्यावा.

कपड्यांविषयी थोडक्यात. औपचारिक बुटावर शिवलेली पँट स्नीकरच्या जाड जिभेवर (लेसखालच्या पट्टीवर) अडते आणि घोट्याशी चुण्या पडतात. ती एक ते दीड सेंटिमीटर आखूड करावी. पँटची मोहरी, म्हणजे पायाशी असलेले तोंड, सपाट धरून १७ ते १८.५ सेंटिमीटर पुरते. चकाकी असलेल्या सुटाच्या कापडाशी स्नीकर जुळत नाही. फ्लॅनेल, लिनन, जाड सुती अशा निस्तेज पोतांशी जुळतो. पोटरीच्या मध्यावर येणाऱ्या स्कर्टखाली बारीक सोलचाच बूट घ्यावा, जाड सोलने पाय आखूड दिसतो. लेस गोल आणि जाड असेल तर काढून चार-पाच मिलिमीटरची चपटी, मेण दिलेली सुती लेस ओवावी. एवढ्या एका बदलाने बुटाचे रूप पालटते. निमंत्रणात सूट-टायचा स्पष्ट उल्लेख असेल तिथे मात्र कोणताही स्नीकर घालू नये.

निगा राखताना सर्वांत जास्त बूट धुलाई यंत्रात खराब होतात. गरम पाणी आणि आपटण्याने चिकटद्रव्य सैल पडते, आतला पुठ्ठा फुगतो, चामड्यातले तेल निघून जाते. त्याऐवजी लेस काढून, कोरड्या ब्रशने धूळ झटकून, कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब टाकून ओल्या फडक्याने पुसावे आणि सावलीत वाळवावे. टूथपेस्ट चामड्यावरचा रंग घासून काढते. ब्लीच नीट धुतले गेले नाही तर पिवळे डाग पडतात. पांढरे रबर ऊन आणि हवेनेही पिवळे पडते, म्हणून बूट खिडकीत ठेवू नयेत. एकदा घातलेल्या जोडीला पुढचा दिवस विश्रांती द्यावी आणि आत देवदाराचा लाकडी साचा घालावा. नसेल तर छपाई नसलेला कोरा कागद बोळा करून भरावा. ओलसर चामड्यावर पडलेली घडी तशीच वाळली तर ती कायमची राहते.

आमची विनंती अशी की, फॅशन सदरात बुटाचे छायाचित्र छापताना रंग आणि किमतीसोबत वरचा भाग कशाचा, अस्तर कशाचे, सोल कशाचा आणि तो शिवलेला की चिकटवलेला, या चार गोष्टीही द्याव्यात. ही माहिती उत्पादकाकडे असतेच. ती मागितली की मिळते.

आपले,
पादत्राणे निर्मिती व दुरुस्ती व्यवसायातील काही वाचक