सोनोग्राफीऐवजी रक्तचाचणी देऊन 'यकृत निरोगी' असे कळवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय

ठाणे, दि. १२ जानेवारी २०२६

महोदय,

तुमच्या ॲपवर माझ्या यजमानांच्या नावापुढे आजही हिरवी खूण आहे आणि तिच्याखाली 'तुमचं यकृत निरोगी आहे' असं लिहिलेलं आहे. १८ नोव्हेंबरला त्यांच्या यकृताचा उजवीकडचा भाग कॅन्सरच्या गाठीसकट काढावा लागला. परवा त्याच ॲपवरून 'वार्षिक तपासणीची वेळ झाली' असा निरोप आला, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

यजमान ५४ वर्षांचे आहेत. २०११ च्या गणपतीत मंडळाच्या रक्तदान शिबिरात त्यांनी रक्त दिलं आणि रक्तपेढीकडून हिपॅटायटिस बी असल्याचं कळलं. त्याआधी कसलाही त्रास नव्हता. आमच्या डॉक्टरांच्या मते तो बहुधा जन्माच्या वेळी आईकडून आला असावा. माझी आणि मुलांची तपासणी झाली, आम्ही निगेटिव्ह निघालो आणि लसीचे तीन डोस घेतले. मोठ्या दिरांनी मात्र गावी कधी तपासलंच नाही. २०१४ मध्ये पोटात पाणी झालं म्हणून त्यांना साताऱ्याला नेलं, तेव्हा यकृताचा कॅन्सर पसरलेला होता. दीड महिन्यात गेले. तेव्हापासून सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सोबत एएफपीची, म्हणजे यकृताच्या कॅन्सरचा संशय दाखवणारी, रक्तचाचणी हा आमच्या घरचा नेम आहे. दिवाळी पुढे-मागे होईल, ही तपासणी नाही.

तो नेम सांभाळायला सोपं जावं म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये तुमच्या नौपाड्याच्या शाखेत सदस्यत्व घेतलं. वर्षाला दोन सोनोग्राफी आणि दोन एएफपी, असं पावतीवर छापलेलं आहे. २०२४ चे जानेवारी आणि जुलै व्यवस्थित पार पडले. त्या दोन्ही वेळच्या डॉक्टरबाई फार काळजीपूर्वक बघायच्या. कुशीवर वळवून, श्वास रोखायला सांगून, बरगड्यांच्या आडचा भागसुद्धा. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये पैसे भरून सदस्यत्व पुढे चालू केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये घोळ सुरू झाला. पहिल्या तारखेला सकाळी आठला हे उपाशीपोटी पोहोचले, तर सोनोग्राफीचे डॉक्टर सोडून गेलेत असं समजलं. दुसऱ्यांदा तुम्ही वाशीच्या शाखेत पाठवलं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून रात्रीपासून उपाशी माणूस वाशीला गेला, तिथे साडेअकरापर्यंत बसला आणि 'आज डॉक्टर येणार नाहीत' हे ऐकून परत आला. सोनोग्राफी नोंदणीकृत डॉक्टरांनीच करायची असा कायदा आहे. ती दुसऱ्या कुणाकडून उरकून घ्या, असं मी कधीच म्हणणार नाही. पण डॉक्टर नाहीत, तर 'नाहीत, बाहेर करून घ्या, पैसे परत देतो' एवढं सांगायला काय हरकत होती?

त्याऐवजी तुमच्या माणसाचा फोन आला की घरी येऊन लिव्हर पॅनल, म्हणजे यकृताच्या रक्तचाचण्यांचा संच, करून देतो, 'तेच आहे मॅडम, उलट जास्त टेस्ट आहेत.' रक्त घेऊन गेले. एसजीपीटी २८, बिलिरुबिन नॉर्मल, प्रथिनं नॉर्मल. त्यात एएफपीसुद्धा नव्हती. संध्याकाळी ॲपवर हिरवी खूण आली आणि पुढच्या तपासणीची तारीख पडली जानेवारी २०२६.

ते 'तेच' नाही, हे मला इथे सविस्तर लिहायचं आहे, कारण माझ्या ई-मेलला आलेल्या तुमच्या उत्तरातही कुणाला ते कळल्याचं दिसत नाही. एसजीपीटी वाढते ती यकृताच्या पेशींना इजा होत असेल तेव्हा. यजमान २०१६ पासून टेनोफोविर ही विषाणू दाबून ठेवणारी गोळी घेतात, विषाणू रक्तात सापडत नाही, मग एसजीपीटी नॉर्मलच येणार. पण हिपॅटायटिस बी चा विषाणू आपला डीएनए पेशीच्या डीएनएत घुसवून ठेवतो. गोळीने कॅन्सरचा धोका कमी होतो, संपत नाही. आणि या आजारात सिरोसिस, म्हणजे यकृत कडक होऊन आकसणं, न होतासुद्धा कॅन्सर होऊ शकतो. हिपॅटायटिस सी मध्ये तो बहुतेक वेळा सिरोसिस झाल्यावरच होतो, बी चं तसं नाही. शांत दिसणाऱ्या यकृतात दोन-तीन सेंटिमीटरची गाठ निवांत बसलेली असते आणि रक्ताच्या या चाचण्यांना तिचा पत्ता नसतो. विजेचं बिल वेळेवर आलं म्हणजे भिंतीत वाळवी नाही, असं कुणी धरून चालतं का?

चाळिशी ओलांडलेला पुरुष, हिपॅटायटिस बी, सख्ख्या भावाला यकृताचा कॅन्सर. अशा माणसाची सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, हे यकृताच्या डॉक्टरांत सर्वमान्य आहे. सहा महिने हा आकडाही उगाच ठरलेला नाही. ही गाठ दुप्पट व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात. तुम्ही त्याचं वर्ष केलंत.

आमची चूक मी लपवत नाही. ती खूण पाहून आम्ही डॉक्टरांची जानेवारीची भेट पुढे ढकलली, गोळ्या जुन्याच चिठ्ठीवर आणत राहिलो. जुलैत मात्र मला राहवेना. मी तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. उत्तर मिळालं, 'सरांचा रिपोर्ट नॉर्मल आहे, वर्षाने करा.' दिरांचं सगळं मी त्या मुलीला सांगितलं. तिचा दोष मी मानत नाही, तिच्यापुढच्या पडद्यावर जे होतं ते तिने वाचलं. ते लिहिणारा तुमच्याकडे जो कुणी आहे, त्याने हे पत्र वाचावं.

ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाइल चाळली आणि विचारलं, "सोनोग्राफीचा कागद कुठाय?" मी मोबाइल पुढे केला. त्यांनी तो पाहिला, काही बोलले नाहीत, आणि तिथल्या तिथे सोनोग्राफी लिहून दिली. ३.६ सेंटिमीटर. नंतर सीटीत औषध सोडल्यावर गाठ आधी उजळली आणि मग आजूबाजूपेक्षा काळी पडली. हिपॅटायटिस बी च्या माणसात हे चित्र इतकं ठळक मानतात की बायोप्सीचीही गरज पडली नाही. एएफपी १४ होती, फारशी वाढलेली नाही, म्हणजे नुसत्या रक्तावर राहिलो असतो तर तेव्हाही सुटलंच असतं.

जानेवारी २०२५ मध्ये ती गाठ होती का, केवढी होती, हे आता कुणीच सांगू शकत नाही, आणि मी तसा दावा करत नाही. पण दोन सेंटिमीटरच्या आसपास सापडली तर कित्येकदा पोट न उघडता सुईने जाळता येते. यांचं पोट उघडावं लागलं. आठ दिवस अतिदक्षता विभाग आणि वॉर्ड, आणि अजून हे डाव्या कुशीवर झोपू शकत नाहीत.

माझ्या ई-मेलला तुम्ही पाचशे रुपयांचं कूपन पाठवलंत, पुढच्या कुठल्याही पॅकेजवर चालेल म्हणून. ते मी वापरणार नाही.

मला हवं आहे ते असं. ती खूण आणि ते वाक्य यजमानांच्या नोंदीवरून काढा आणि सोनोग्राफी झाली नव्हती हे लेखी द्या. २०२५ च्या सदस्यत्वाचे ६,४०० रुपये परत करा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तुमच्याकडे हिपॅटायटिस बी किंवा सिरोसिसची नोंद असलेले आणखी ग्राहक असतीलच. त्यांच्यापैकी ज्यांना ज्यांना सोनोग्राफीऐवजी हे पॅनल दिलंत, त्या प्रत्येकाला या महिन्यात फोन करून सांगा की तुमची तपासणी राहिली आहे. ऐरोलीत, कळव्यात कुणीतरी बाई आत्ता तीच हिरवी खूण बघून निश्चिंत असेल. आणि जाता जाता, रक्त न्यायला येणाऱ्या मुलांना सांगा की सोसायटीच्या गेटवर, वॉचमनसमोर 'बी पॉझिटिव्हवाल्यांचं घर कुठलं' असं विचारायचं नसतं. हा आजार एकत्र जेवल्याने होत नाही, पण लोक बोलायचे थांबत नाहीत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर सेवेतील त्रुटीबद्दल ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पावत्या, रद्द झालेल्या तारखांचे मेसेज आणि जुलैच्या फोनचा तक्रार क्रमांक सोबत जोडले आहेत.

एक गोष्ट मात्र पंधरा दिवस थांबणारी नाही. जुलै २०२४ च्या सोनोग्राफीच्या मूळ प्रतिमा तुमच्याकडे आहेत, आमच्याकडे फक्त छापील कागद आहे. ३ फेब्रुवारीला शस्त्रक्रियेनंतरचं पहिलं स्कॅन आहे आणि डॉक्टरांना त्या प्रतिमा शेजारी ठेवून बघायच्या आहेत. ३० जानेवारीपर्यंत त्यांची सीडी नौपाड्याच्या शाखेत तयार ठेवा. मी स्वतः येऊन नेईन.

आपली ग्राहक,
नौपाडा, ठाणे पश्चिम
(नाव व सदस्यत्व क्रमांक सोबतच्या अर्जावर)