चि. सईस, शिडी चढण्याआधी

सांगली

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू हसत हसत म्हणालीस, "नाटकाच्या पार दिव्याला हात लावला की जरा झिणझिण्या येतात, सगळ्यांना सवय झालीय." मग माझा आवाज चढला आणि तू फोन ठेवलास. आई म्हणाली, लिहून कळवा, म्हणजे दोघांनाही मध्ये तोडता येणार नाही. म्हणून लिहितोय.

आधी नाटकाचं. तुझा लाइट प्लॉट, म्हणजे कुठला दिवा कधी लावायचा त्याचा आराखडा, पाहिला. पाचव्या क्यूला (प्रकाश बदलायच्या खुणेला) जनरल, म्हणजे सगळ्या रंगमंचावरचा उजेड, पूर्ण न घालवता तीस टक्क्यांवर ठेवलास आणि बाजूनं एकच पार आणलास, ते फार आवडलं. काळोख करून स्पॉट मारणं कुणालाही सुचतं. फक्त तो क्यू वाक्यावर लावू नकोस, त्या नटीच्या उठण्यावर लाव. स्पर्धेत पोरं घाबरून वाक्य खातात, उठायचं विसरत नाहीत. सहा सेकंदांचा फेड (हळूहळू होणारा प्रकाशबदल) ती उठताच सुरू केलास, तर खिडकीशी पोचेपर्यंत पुरा होतो.

आता झिणझिण्या. पारच्या आत होल्डरला येणाऱ्या वायरींचं वेष्टण उष्णतेनं कडक होतं, तडकतं आणि उघडी तार पत्र्याला टेकते. अर्थिंग नीट असेल तर तिथंच फ्यूज जातो किंवा एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पडते. तुमच्याकडे पडत नाही, म्हणजे अर्थिंग कुठंतरी तुटलेलं आहे. बहुधा थ्री-पिनची जाड पिन कुणीतरी काढून टाकलीय, नाहीतर मध्ये दोन पिनांचं अडॅप्टर आहे. प्लग काढ, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार अखंड असेल तर वाजतो त्या खुणेवर) ठेव, एक टोक जाड पिनेला आणि दुसरं दिव्याच्या बॉडीवर रंग खरवडून. वाजलं नाही तर तो दिवा बाजूला. मग जाड पिनेऐवजी बारीक पिनांना लावून बघ. बॉडीशी एकही वाजता कामा नये. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. ती वायर वाचवते, माणूस नाही. १६ अँपिअरची एमसीबी पडण्याच्या कितीतरी आधी माणूस जातो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते, ती करंट गळताच वीज तोडते. तालमीच्या हॉलच्या बोर्डात आहे का बघ आणि तिचं टेस्टचं बटण दाबून बघ. एलईडी पार आणले तरी हेच. करंट कमी खातात, पण बॉडी बहुतेकदा धातूचीच असते.

आणि लोड. हजार वॉटचा पार २३० व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर घेतो. ६ अँपिअरच्या सॉकेटवर एकच, १६ च्या सॉकेटवर तीन, चौथा नाही. एक्स्टेन्शनची चक्री पूर्ण उलगडून टाका. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते आणि वितळते.

पुरे. तू म्हणशील, बाबांनी पुन्हा वर्ग भरवला. खरंय, माफ कर. लहानपणी भावे नाट्यमंदिरात विंगेत बसून जेलचे (दिव्यापुढच्या रंगीत पारदर्शक कागदाचे) कापलेले तुकडे गोळा करायचीस आणि त्यातून आजीला निळी करून बघायचीस. आजी म्हणायची, ही पोरगी नटी होणार. मला बरं वाटायचं, कारण नट शिडीवर चढत नाहीत.

पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेत गुण लेखनाला, दिग्दर्शनाला, अभिनयाला. प्रकाशयोजनेला नाहीत. १९६३ पासून ती स्पर्धा अशीच माणसांवर उभी आहे, आणि मला ते योग्यच वाटतं. मग ज्याला गुणच नाहीत त्यासाठी पहाटे तीनला एकटीनं शिडीवर कशाला? २०२२ साली परीक्षकांनी तो करंडक कुणालाच दिला नव्हता, हे तुमच्या दिग्दर्शकाला सांग. (नको, सांगू नकोस. चिडेल.) भरत नाट्य मंदिरात "आवाज कुणाचा"च्या घोषणा सुरू झाल्या की तू काही ऐकणार नाहीस, मला माहीत आहे.

पुढं युवक महोत्सव. तिथं एकांकिकेला तीस मिनिटं आणि सेट लावायला-काढायला दहा. मला भीती त्या दहा मिनिटांची आहे. सगळे धावत असतात, कुणीतरी नेपथ्याचा पाट शिडीच्या पायाशी टेकवतो आणि कुणीतरी "चालू कर" म्हणून ओरडतो. चालू-बंद एकाच माणसाच्या हाती ठेव. शिडीवरच्या माणसानं स्वतः "झालं" म्हटल्याशिवाय त्यानं स्विचला हात लावायचा नाही. घोडा (दोन्हीकडे पाय असलेली उघडायची शिडी) असेल तर पूर्ण उघडून साखळी ताठ झाली पाहिजे. भिंतीला लावायची शिडी असेल तर चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर. खाली एक जण धरून, आणि त्याच्या हातात मोबाइल नको. पाना मनगटाला दोरीनं बांध. दिवा टांगला की आधी सेफ्टी चेन, मग क्लॅम्प आवळायचा, मग वायर.

फिरोदिया करंडकाच्या स्पर्धेला तर गाणं, नाच, चित्र सगळंच रंगमंचावर येतं, आणि चित्र म्हटलं की रंग, पाणी. पाण्याची बादली ज्या बाजूला, तिकडे जमिनीवरून वायर न्यायची नाही. पण ते फेब्रुवारीत, तेव्हा पुन्हा लिहीन. दत्तूकाकाचा हात तू पाहिला आहेस. यापेक्षा जास्त बोलत नाही.

तू लाइट सोडून दे असं मी म्हणालो नाही. आईला विचार. प्लॉट मी दत्तूकाकाला दाखवला. त्यानं दोनदा पाहिला आणि कुणाचा म्हणून विचारलं. मी लगेच सांगितलं नाही, जरा वेळ त्याला विचार करू दिला.

रात्रीच्या गाडीनं पिशवी पाठवतोय. भडंग वरच आहे, ग्रुपला वाट. खाली मल्टिमीटर, चामडी हातमोजे (तापलेल्या पारसाठी, विजेसाठी नाहीत) आणि रबरी तळव्याचे बूट आहेत. बूट पावसात भिजवू नकोस, ओले झाले तर वर चढायचंच नाही. आईनं मऊ पांढरा कपडा दिलाय, हॅलोजनचा बल्ब त्यानंच धर. बोटाचं तेल काचेला लागलं की तिथंच जास्त तापून बल्ब फुटतो.

पारचं काय झालं ते कळव. फोन नको वाटला तर मेसेज कर.

तुझे,
बाबा

ता. क. मल्टिमीटरमध्ये ९ व्होल्टची नवी बॅटरी घातलीय. तपासायला लागण्याआधी त्याची दोन्ही टोकं एकमेकांना लावून वाजतंय का बघ. नाहीतर तो गप्प बसेल आणि सगळेच दिवे तुला खराब वाटतील.